आपले प्रश्न: डॉ. कोटणीस परत का आले नाहीत?

प्रश्न: माझा नातू इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मृतिदिनी कुणा तरुणाने अर्धा तास बोलावे, असे आमच्या रामबागेतल्या मंडळाने ठरवले आणि ते काम त्याच्याकडे आले. त्याने घरात विचारले, तर प्रत्येकाने निराळेच सांगितले. माझ्या दिरांच्या मते ते रणांगणावर गोळी लागून गेले, जाऊबाईंच्या मते प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला, आणि मी स्वतः अतिश्रमाने गेले असेच धरून चालले होते. यांतले खरे कोणते? आणि मदतपथकाबरोबर चीनला गेलेला हा मुलगा चार वर्षांत एकदाही घरी का आला नाही?
(एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर)

उत्तर: ताई, आधी मृत्यूचे कारण सांगतो, म्हणजे घरातला वाद मिटेल. डॉ. कोटणीस यांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी, उत्तर चीनमधील हबेई प्रांतातल्या गेगोंग नावाच्या खेड्यात, अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके एकामागून एक येत राहिल्यामुळे झाले. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. गोळी त्यांना लागली नव्हती आणि प्लेगही झाला नव्हता. प्लेगाची समजूत कुठून आली, हे मात्र सहज सांगता येते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटात नायकाला प्लेगाच्या साथीशी झुंजताना आणि अखेर त्या रोगानेच जाताना दाखवले आहे. चित्रपट घरोघरच्या माणसांनी पाहिला आणि त्यातला शेवट हाच खरा शेवट म्हणून लक्षात ठेवला. त्या चित्रपटाने कोटणीसांचे नाव देशभर पोचवले, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे, परंतु नातवाने भाषणाची तयारी त्यावरून करू नये.

आता माणसाविषयी. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, दोन भाऊ आणि पाच बहिणी असलेल्या मध्यमवर्गीय घरात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेल्या महाविद्यालयात घेतले. पदवी हाती आली होती, पुढचे पदव्युत्तर शिक्षण डोळ्यांसमोर होते, आणि त्या काळच्या कोणत्याही घरात अशा मुलाविषयी जी स्वप्ने पाहिली जातात ती याही घरात पाहिली जात असणार: शल्यचिकित्सक होईल, मुंबईत किंवा सोलापुरात पाटी लावील, बहिणींच्या लग्नांना हातभार लागेल.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सैन्याकडे डॉक्टरांचा तुटवडा होता, आणि चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग-सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी १९३८ च्या जूनअखेरीस देशाला जाहीर आवाहन केले, सुमारे बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका यांची तजवीज झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले: प्रमुख म्हणून अलाहाबादचे डॉ. मदन अटल, जे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय काम करून आले होते, नागपूरचे ज्येष्ठ डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. पारतंत्र्यातल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला स्वतःच्या वर्गणीतून डॉक्टर पाठवावेत, ही गोष्ट आज वाटते त्याहून पुष्कळ मोठी होती. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

ते त्या महिन्यातच कँटनला पोचले, तिथून हांकौला गेले. परंतु ऑक्टोबर संपता संपता हांकौ जपान्यांच्या हाती पडले आणि पथकाला यांगत्से नदीच्या काठाकाठाने मागे सरकत चुंगकिंगपर्यंत जावे लागले. तिथे असतानाच कोटणीसांना वडील गेल्याचे कळले. सोबत्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही, आणि पथक साम्यवाद्यांचे मुख्य ठाणे असलेल्या येनानकडे निघाले तेव्हा ते पथकाबरोबर होते. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग इथून सुरू होतो. पथकातले मुखर्जी, चोळकर आणि अटल १९३९-४० मध्ये आगेमागे भारतात परतले. त्यांच्याबरोबर परतण्याचा मार्ग कोटणीसांना मोकळा होता. त्याऐवजी ते आणि बसू जपानी फळीच्या मागच्या डोंगराळ मुलुखात, शांशी, चाहार आणि हबेई या प्रांतांच्या सीमेवरील तळावर गेले. याच भागात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. बसू पुढे येनानला परतले, आणि बेथ्यून यांच्या मागे रिकाम्या राहिलेल्या जागी कोटणीस उभे राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यानंतर परतीचा रस्ताच बंद झाला, ही बाब आपल्याकडे फारशी कुणी लक्षात घेत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला, त्याच महिन्यात हाँगकाँग पडले, १९४२ च्या मार्चमध्ये रंगून गेले आणि ब्रह्मदेशातून चीनला जोडणारा रस्ता तुटला. ज्या तळावर ते होते त्याच्याभोवती जपानी ठाणी होती, आणि त्यापलीकडे येनानच्या प्रदेशाची, साम्यवाद्यांच्या विरोधात असलेल्या चीनच्या चांग कै-शेक सरकारने केलेली, नाकेबंदी होती. म्हणून नातवाला असे सांगावे की, १९४० पर्यंत ते आले नाहीत कारण त्यांनी न येण्याचे ठरवले, आणि १९४२ मध्ये ते आले नाहीत कारण ठरवूनही येणे जवळजवळ अशक्य झाले होते. या दोन्ही गोष्टी एकाच त्यागाच्या गाठोड्यात बांधल्या की पहिल्या निर्णयाचे मोल उलट कमी होते.

ते रुग्णालय कसे होते, याची कल्पना आपल्या इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयाच्या इमारतीवरून करता येणार नाही. रुग्ण गावकऱ्यांच्या घरांत विखुरलेले असत. विटामातीच्या ज्या उबदार ओट्यावर त्या भागातली माणसे झोपतात, त्यावरच जखमी सैनिक निजत, आणि जपानी तुकडी जवळ आल्याची वर्दी आली की रुग्ण, हत्यारे आणि औषधे घेऊन माणसे नि खेचरे डोंगरात शिरत. १९४० च्या लढाईत त्यांनी सतत बहात्तर तास झोपेविना शस्त्रक्रिया केल्या आणि त्या मोहिमेत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गावातली माणसे त्यांना "काळी आई" म्हणत.

बहात्तर तासांची गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्याहून मोठे वाटते ते त्यांचे शिकवणे. डॉक्टर कमी आहेत ही त्या मुलुखाची खरी अडचण होती आणि एका परदेशी माणसाने रात्रंदिवस कापाकापी केल्याने ती सुटणारी नव्हती. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. थोडेफार शिकलेली शेतकऱ्यांची मुले तिथे शल्यचिकित्सा शिकत होती, आणि कोटणीस त्यांना चिनी भाषेतून शिकवत होते. शल्यचिकित्सेच्या सर्वसाधारण तत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहून पुरे केले आणि पुढचे, शरीराच्या एकेका भागाच्या शस्त्रक्रियांविषयीचे, लिहायला घेतले. ते अर्धे राहिले. दोन-तीन वर्षांत परकी भाषा इतकी आपलीशी करणे अवघड खरे, पण सोलापूरच्या पोराला मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू लहानपणापासून कानावर पडलेली असते. दारात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हे आपल्या इंदूरकरांनाही नवे नाही. माझा हा तर्कच आहे, त्यामुळे नातवाने तो भाषणात घेऊ नये.

प्रश्न: रामबागेतील बैठकीत आमच्यात चर्चा झाली ती अशी की, वडील गेलेले, आई मागे, बहिणी लग्नाच्या, अशा वेळी मुलाने परक्या देशाच्या युद्धात राहणे हे कौतुकाचे की बेजबाबदारपणाचे? आम्हां काही जणांना दुसरे वाटते. स्पष्ट मत द्यावे.
(वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: स्पष्टच सांगतो, मला ते बेजबाबदारपणाचे वाटत नाही; पण तुमचा प्रश्न अयोग्य आहे असेही मी म्हणणार नाही, कारण आपण मराठी माणसे थोरांची चरित्रे सांगताना घरातल्यांनी काय सोसले ते एका ओळीत उरकतो. त्या आईने पतीचा मृत्यू आणि मुलाची अनुपस्थिती एकाच वेळी सोसली आणि तीन-चार वर्षांनी मुलाच्या मृत्यूची बातमीही तिला झेलावी लागली, तीही युद्धामुळे टपाल धड चालत नसताना. याचे श्रेय तिचे आहे, मुलाचे नाही.

तरीही निर्णय जिथे घेतला गेला तिथून तो पाहिला पाहिजे. वडिलांच्या निधनाची बातमी पोचली ती दूर चुंगकिंगला; परत निघाले असते तरी दिवसवार केव्हाच होऊन गेलेले असते. घरी भाऊ होते. समोर मात्र असे जखमी होते ज्यांच्यासाठी त्या पंचक्रोशीत दुसरा प्रशिक्षित शल्यचिकित्सक नव्हता. सोलापुरात आणखी एक डॉक्टर आल्याने जेवढा फरक पडला असता, त्याच्या कितीतरी पट फरक तिथे एक डॉक्टर गेल्याने पडत होता, आणि जो स्वतः डॉक्टर आहे त्याला हा हिशेब दिसल्यावाचून राहत नाही. इंदूर-उज्जैनकडच्या ज्या घरांतली मुले आज हजारो मैलांवर आहेत, त्या घरांतही आजारपणाच्या वेळी हाच प्रश्न निघतो. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती निदान विमानाचे तिकीट काढणे असते, तेवढेही कोटणीसांच्या हाती नव्हते.

प्रश्न: ते साम्यवादी होते म्हणून गेले, की जाऊन साम्यवादी झाले?
(एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: जाऊन झाले. पथक पाठवले ते काँग्रेसने, आणि त्यात सहभागी होण्यामागे प्रवासाची हौस, साहसाची ओढ आणि त्या काळच्या तरुणांत सर्वत्र असलेली स्वातंत्र्याची भावना यांचा वाटा मोठा होता. आठव्या मार्ग-सेनेबरोबर तीन वर्षे राहिल्यानंतर, जुलै १९४२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या पाच महिने आधी, ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ही गोष्ट भाषणात लपवू नये आणि तिच्यावरून त्यांच्या कामाचे मोजमापही करू नये.

प्रश्न: मी व्यवसायाने डॉक्टर आहे. अपस्मारावर त्या काळी औषधे होती. मग बत्तिसाव्या वर्षी एक डॉक्टर अपस्माराने कसा जातो?
(वाचक, पलासिया, इंदूर)

उत्तर: औषधे होती, हे खरे. ब्रोमाइड जुनेच होते, फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात होते आणि फेनिटॉइनचा अपस्मारावरचा उपयोग १९३८ मध्ये सिद्ध झाला होता. पण औषध जगात असणे आणि ते नाकेबंदीतल्या डोंगरात असणे यांत फरक आहे. त्या तळावर साधी भूल देण्याची औषधे, जंतुनाशके आणि पट्ट्यासुद्धा तुटवड्याने वापराव्या लागत. नियमितपणे, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या गोळ्यांची सोय तिथे कशी होणार? अपुरी झोप, उपासमार आणि श्रम हे झटक्यांना आमंत्रण देतात, हे आपल्याला मी सांगायला नको, आणि त्यांच्या दिनक्रमात या तिन्ही गोष्टी रोजच्याच होत्या. म्हणून वरच्या पत्रातल्या ताईंनी "अतिश्रमाने गेले" असे धरले होते ते तांत्रिकदृष्ट्या चूक असले तरी पूर्णपणे चूक म्हणता येत नाही.

आजार एकाएकी उद्भवलेला नव्हता. झटके आधीपासून येत होते, वरिष्ठांना ते ठाऊक होते, आणि आघाडीपासून दूर जाऊन उपचार घ्यावेत असे त्यांना सुचवलेही गेले होते. त्यांनी काम सोडले नाही. इथे मला, एका डॉक्टरने दुसऱ्या रुग्णाला जे कधीच करू दिले नसते ते स्वतःच्या बाबतीत केले, असे वाटते. आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे म्हणता येते. ते आणखी दहा वर्षे जगते तर ते दुसरे पुस्तक पुरे झाले असते, आणखी काही शे विद्यार्थी शिकून बाहेर पडले असते. माओ त्से-तुंग यांनी त्यांच्या निधनानंतर म्हटले की, सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला. त्यातले पहिले वाक्य भावनेचे नसून वस्तुस्थितीचे होते.

प्रश्न: त्यांच्या चिनी पत्नीचे आणि मुलाचे पुढे काय झाले? चित्रपटात ते कळत नाही.
(एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: त्यांच्या पत्नीचे नाव क्वो छिंग-लान. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि त्याच तळावरच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत असत. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला आणि २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवले गेले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगणे जड जाते. यिन्हुआ वडिलांच्याच वाटेने वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि १९६७ मध्ये, पदवी मिळण्यापूर्वीच, चोविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. छिंग-लान यांनी दीर्घ आयुष्य पाहिले. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांशी त्यांचे संबंध शेवटपर्यंत टिकले, आणि २०१२ मध्ये चीनमधील दालियन शहरात त्यांचे निधन झाले. १९६२ च्या युद्धाने दोन देशांतले जवळजवळ सगळे धागे तोडले, तरी हे एक नाते तुटले नाही. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटण्याचा रिवाज पुढेही चालू राहिला. राजकीय सोय पाहून तो पाळला जातो असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु त्या बहिणींना भेटायला येणाऱ्या माणसाचा हेतू तपासत बसण्याचे कारण नव्हते.

प्रश्न: मी टपाल तिकिटांचा संग्रह करतो. डॉ. कोटणीसांवर तिकीट निघाले आहे का, आणि त्यांचे स्मारक भारतात कुठे पाहता येईल?
(शाळकरी वाचक, इयत्ता नववी, इंदूर)

उत्तर: निघाले आहे, आणि चीनने ते आपल्याआधी काढले: १९८२ मध्ये, मृत्यूला चाळीस वर्षे झाली तेव्हा. भारताचे तिकीट १९९३ चे आहे. दोन्ही फार महाग नाहीत. जुन्या तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे वर्ष सांगून मागितलीस तर मिळावीत. चीनमध्ये त्यांची समाधी हबेई प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरातील हुतात्मा स्मशानभूमीत आहे आणि तिथेच बेथ्यून यांचीही आहे. भारतात सोलापूरला त्यांच्या जन्मघराचे जतन करून महानगरपालिकेने तिथे स्मारक केले आहे. सुटीत पंढरपूर किंवा अक्कलकोटला घरच्यांबरोबर जाणार असशील तर सोलापूर तिथून जवळच आहे. वेळ आधी विचारून घे, म्हणजे बंद दारावरून परत फिरावे लागणार नाही.